नोकरी लागली, पण सिबिलवर थकबाकी आहे

बँकेचं किंवा सरकारी नोकरीचं नियुक्तिपत्र आलं की घरचे पेढे आणायला पळतात आणि पोरगा कोपऱ्यात बसून मोबाइलवर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून निघणारा आकडा, उघडतो. आम्ही काही जण मुंबईतल्या बँका आणि केंद्र सरकारी कार्यालयांच्या आस्थापना शाखांत, म्हणजे कर्मचारी विभागांत, भरतीच्या फाइली हाताळलेले. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीतून ही मुलं कागदांची पिशवी घेऊन येत राहतात. भांडुप, डोंबिवली, विरार, कुठूनही. प्रश्न ठरलेला असतो: "काका, कर्ज आहे. नोकरी जाईल का?"

नुसतं कर्ज आहे म्हणून जात नाही. घराचं, बाइकचं, शिक्षणाचं कर्ज असेल आणि हप्ते वेळेवर जात असतील, तर कोणी त्याकडे वाकड्या नजरेने बघत नाही. अडतं ते थकलेल्या खात्याची नोंद तशीच ठेवून रुजू व्हायला गेलं तर, प्रकरण कोर्टात पोहोचलं असेल तर, किंवा फॉर्मवर विचारलेलं लपवलं तर. पहिल्या दोन गोष्टी निस्तरता येतात. लपवाछपवी सहसा निस्तरत नाही, आणि भीतीपोटी मुलं नेमकी तीच करतात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. नेटवर 'सिक्युरिटी क्लिअरन्स आणि कर्ज' असं शोधलं की बहुतेक माहिती अमेरिकेची निघते. तिथे गोपनीय माहिती हाताळण्याआधी एसएफ-८६ नावाचा जाडजूड अर्ज भरावा लागतो. त्यात गेल्या सात वर्षांतली दिवाळखोरी आणि १२० दिवसांहून जास्त थकलेली देणी विचारतात, आणि २०१७ पासून लागू असलेल्या निर्देशातल्या 'आर्थिक बाबी' या कसोटीवर उत्तरं तपासतात. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला म्हणून देणं थकलं आणि माणूस प्रामाणिकपणे फेडतो आहे, हे तिथे त्याच्या बाजूने धरलं जातं. पण ते सगळं अमेरिकी नागरिकांसाठी. तो १२० दिवसांचा आकडा घेऊन माझगाव डॉकच्या किंवा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या नोकरीचा हिशेब मांडू नये. आपल्याकडे उमेदवाराची चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी होते, ती कार्यालय पोलिसांमार्फत करून घेतं, आणि कर्जाचा विषय तिथे आडवाटेने येतो. बँकेत मात्र तो थेट समोरच्या दाराने येतो, म्हणून बँकेपासून सुरुवात.

स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातींत एक कलम आलेलं आहे, जे परीक्षेच्या घाईत कोणी वाचत नाही: कर्जाचे हप्ते किंवा क्रेडिट कार्डाची देणी थकवल्याची नोंद असलेले, किंवा सिबिल वा तशा संस्थेचा प्रतिकूल अहवाल असलेले उमेदवार नियुक्तीस पात्र नाहीत. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. निवड झाली, नियुक्तिपत्र मिळालं, नंतर सिबिल अहवालातल्या जुन्या थकबाकीच्या नोंदी पाहून बँकेने ते रद्द केलं. जाहिरात निघाली तेव्हा सगळी देणी फेडलेली होती, असं उमेदवाराचं म्हणणं होतं. न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याची आर्थिक शिस्त बँकेने बघणं गैर नाही, असा त्याचा सूर.

आयबीपीएस या सामाईक परीक्षा घेणाऱ्या संस्थेमार्फत भरती करणाऱ्या बँकांचं कलम थोडं मऊ आहे. किमान स्कोअर किती हवा हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. रुजू होण्याआधी एकतर सिबिलची नोंद दुरुस्त झालेली हवी, नाहीतर ज्या खात्यांवर प्रतिकूल नोंद आहे त्या प्रत्येक कर्जदात्याचं 'काही येणं बाकी नाही' असं पत्र हवं. दोन्ही नसेल तर नियुक्तिपत्र मागे घेता येतं. यातला 'नाहीतर' फार मोलाचा आहे, कारण नोंद बदलायला वेळ लागतो; पत्र लवकर हाती येऊ शकतं.

आता हे बघा की मुलं स्कोअरच्या आकड्याला घाबरतात, आणि आस्थापना शाखेतला माणूस आकड्याच्या खालचे शेरे वाचतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो हे सगळ्यांना पाठ. पण ६९० वाला स्वच्छ अहवाल निघून जातो आणि ७३० वाल्या अहवालातली एक 'रिटन ऑफ' (बुडीत धरलेलं कर्ज) ओळ फाइल अडकवते. म्हणून रेल्वे स्टेशनबाहेरच्या भिंतीवर 'सिबिल स्कोअर वाढवून मिळेल' अशी पत्रकं लावणाऱ्यांकडे पाच पैसे देऊ नयेत. कर्जदात्याने कळवल्याशिवाय सिबिल कंपनी एक अक्षरही बदलत नाही, आणि जी तक्रार हे लोक पैसे घेऊन करतात ती फुकट करता येते.

देशात अशी पत माहिती देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. पैसे भरून मिळणाऱ्या अॅपमधला गोल काटा पुरेसा नाही. सगळी खाती दिसणारा पूर्ण अहवाल पीडीएफमध्ये उतरवून छापून घ्यावा. चारही घ्यावेत, कारण एखादी छोटी वित्तसंस्था एकीकडे बंद खातं दाखवते आणि दुसरीकडे चालू.

छापलेला अहवाल पुढ्यात घेतला की आधी वैयक्तिक माहिती. पॅन बरोबर आहे का, जन्मतारीख, पत्ते, मोबाइल नंबर. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत असल्याने एकाच चाळीत दोन 'संतोष रामचंद्र जाधव' निघू शकतात, आणि पॅन चुकीचा टाकलेला असेल तर दुसऱ्याचं कर्ज आपल्या अहवालात येऊन बसतं. मग प्रत्येक खात्याची 'स्टेटस' ओळ. 'क्लोज्ड' ठीक. 'सेटल्ड' म्हणजे कर्जदात्याने काही रक्कम सोडून देऊन खातं मिटवलं. 'रिटन ऑफ' म्हणजे त्याने ते बुडीत धरलं. आपलं देणं मात्र तसंच उभं राहतं, हे पुष्कळांना कळत नाही. 'सूट फाइल्ड' म्हणजे दावा दाखल. त्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकटी असतात, ३६ महिन्यांच्या, त्यांत त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकला तो आकडा. ००० किंवा एसटीडी (स्टँडर्ड, म्हणजे नियमित) असेल तर ठीक. ०३०, ०६० असेल तर खुलासा तयार ठेवावा. ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए. एसयूबी (कमी दर्जाचं), डीबीटी (संशयित), एलएसएस (बुडीत) अशी अक्षरं दिसली की खातं त्या पायऱ्यांनी खाली गेलेलं आहे. एक्सएक्सएक्स असेल तर त्या महिन्याची माहिती कर्जदात्याने पाठवलीच नाही. त्याने घाबरायचं कारण नाही. ज्याने कधी कर्जच काढलं नाही त्याचा स्कोअर उणे एक दिसतो. तो प्रतिकूल शेरा नव्हे.

पिशवीतून निघणारी थकबाकी बहुतेक वेळा मोठ्या कर्जाची नसते. मोबाइलच्या दुकानात शून्य टक्क्यावर घेतलेल्या फोनचे शेवटचे दोन हप्ते राहतात, कारण पगाराचं खातं बदललं. कॉलेजबाहेर स्टॉल लावून दिलेलं क्रेडिट कार्ड कधी वापरलं नाही, त्याची वार्षिक फी साचत गेली. 'आता घ्या, नंतर द्या' वाल्या अॅपचे सहाशे रुपये अहवालात चक्क वैयक्तिक कर्ज म्हणून बसतात. अशी पाच-सात छोटी खाती असतील तर ती आधी पूर्ण भरून मोकळं व्हावं. अहवालातल्या ओळी कमी होतात, आणि ओळीच मोजल्या जातात. शिक्षणाचं कर्ज मात्र खरोखर जड असतं. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत, तोवर नोकरी लागली नाही, वडील सहकर्जदार, त्यांचाही अहवाल खराब. तिथे एकरकमी फेडणं जमत नसेल तर थकलेले हप्ते भरून खातं नियमित करून घ्यावं, आणि शाखा व्यवस्थापकाकडून 'आज रोजी खात्यावर कोणतीही थकबाकी नाही, हप्ते नियमित सुरू आहेत' असं पत्र घ्यावं. थकबाकीही नाही आणि पुढचे हप्तेही चालू आहेत, हे दोन्ही त्यात लिहिलेलं हवं.

सर्वांत जास्त नुकसान 'सेटलमेंट'ने होतं. वसुलीवाल्याचा फोन येतो: "ऐंशी हजार आहेत, तीसमध्ये मिटवू, आजच भरा." मुलगा खूश होऊन भरतो, आणि अहवालात 'सेटल्ड' येतं. कर्ज संपलं खरं, पण सोडलेले पन्नास हजार पुढची कित्येक वर्षं दिसत राहतात. पत माहिती कंपन्यांना नोंदी किमान सात वर्षं जपाव्या लागतात. बँकेत किंवा वित्तीय नोकरीत जायचं असेल तर शक्यतो सेटलमेंट करूच नये. व्याज-दंडात सूट मागावी, मुद्दल पूर्ण भरावं, आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवणार हे आधी लेखी घ्यावं. सेटलमेंट होऊन गेलेली असेल तर सोडलेली रक्कम आता भरायची तयारी दाखवून तोच कर्जदाता खातं 'क्लोज्ड' करतो का, हे विचारता येतं. पुष्कळ जण करतात. अहवाल स्वच्छ करण्यासाठी त्या दोन-तीन पगारांवर पाणी सोडावं, असं आमचं मत आहे.

पैसे भरायचे ते कर्जखात्यातच, कर्जदात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा शाखेत चेकने. वसुली एजंटच्या यूपीआयवर भरलेल्या पैशाची पावती कोणतीही आस्थापना शाखा मानत नाही, आणि पुष्कळदा ते पैसे खात्यापर्यंत पोहोचतच नाहीत. 'काही येणं बाकी नाही' हे पत्र लेटरहेडवर हवं. त्यात कर्जखात्याचा अहवालात छापलेलाच क्रमांक, खातं बंद झाल्याची तारीख, येणं शून्य असल्याचा स्पष्ट उल्लेख, अधिकाऱ्याचं नाव-पद आणि सही हवी. संगणकातून निघालेलं बिनसहीचं पत्र असेल तर ते ज्या ईमेलने आलं तो ईमेलही छापून जोडावा. खातं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे एआरसीला विकलं गेलं असेल तर मूळ बँकेचं पत्र उपयोगाचं नाही. पत्र एआरसीचं लागतं, आणि अहवालात दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात का ते बघावं. दोन्ही दुरुस्त व्हायला हव्यात. एआरसीशी बोलणी करायला निदान तीन आठवडे धरून चालावं. पुष्कळांची कार्यालयं मुंबईतच आहेत, त्यामुळे ईमेल करत बसण्यापेक्षा जाऊन भेटलेलं बरं.

वापरात नसलेलं कार्ड बंद करायला लेखी विनंती द्यावी. सगळं देणं भरलेलं असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायला हवं, उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. विनंतीत हा उल्लेख केला की काम भरभर होतं, हा अनुभव आहे.

आता तारखांचा हिशेब, कारण रुजू व्हायची तारीख बहुधा चार-सहा आठवड्यांवर असते. १ जानेवारी २०२५ पासून कर्जदात्यांनी कमीत कमी दर पंधरवड्याला, १५ तारखेची आणि महिनाअखेरची माहिती पाठवायची आहे. पंधरवडा संपल्यावर सात दिवसांत ती पाठवायची, आणि पत माहिती कंपनीने आल्यापासून पाच दिवसांत चढवायची. म्हणजे १ तारखेला पैसे भरले तर १५ अधिक ७ अधिक ५, अशी २७ तारखेच्या सुमारास नोंद बदललेली दिसायला हवी. व्यवहारात एखादा पंधरवडा चुकतो. त्यामुळे पत्र आधी हातात घ्यायचं आणि नोंद मागून येऊ द्यायची.

नोंदच चुकीची असेल तर तक्रार पत माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर, अहवालावरचा कंट्रोल नंबर टाकून करायची, आणि त्याच दिवशी कर्जदात्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेल. दोन्हीकडे एकदम, कारण कंपनी शेवटी कर्जदात्यालाच विचारते. कर्जदात्याला २१ दिवस, एकूण ३० दिवस. त्यापुढे गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार, तीही फुकट. रुजू होण्याची तारीख त्याआधी येत असेल तर तक्रारीचा क्रमांक, पाठवलेले ईमेल आणि खातं आपलं नाही हे दाखवणारा पुरावा एकत्र करून बँकेच्या मनुष्यबळ विभागाला मुदतवाढीचं पत्र द्यावं. मुदतवाढ मिळेलच असं नाही. पण रुजू व्हायच्या सकाळी अहवाल उघडून सापडलेल्या थकबाकीपेक्षा आधी स्वतः कळवलेल्या थकबाकीची फाइल वेगळ्या नजरेने वाचली जाते.

मुंबईची म्हणून एक खास भानगड आहे: जामीन. गिरणीपासून बेस्टपर्यंत आणि पालिकेपासून रेल्वेपर्यंत कामगारांच्या पतपेढ्या आहेत, आणि सहकारी सोबत्यासाठी सही करणं ही रीतच. कर्जदाराने बँकेचं कर्ज थकवलं तर जामीनदाराच्या अहवालातही ते खातं दिसतं. पतसंस्था पुष्कळदा सिबिलला कळवत नाहीत. तिथे थकबाकी अहवालात शोधून सापडत नाही, पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली उपनिबंधकाकडून वसुली दाखला निघतो आणि तो कर्जदार-जामीनदार दोघांवर चालतो. वडिलांच्या पतपेढीच्या कर्जाला अठराव्या वर्षी जामीन राहिलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. त्यांना स्वतःला ते आठवतही नाही. म्हणून अहवालावर समाधान न मानता घरात विचारावं: माझी सही कुठे कुठे आहे?

सरकारी खात्यांत, संरक्षण उपक्रमांत, अणुऊर्जा विभागात सिबिल अहवाल सरसकट मागत नाहीत. तिथे साक्षांकन नमुना असतो, ज्याला सगळे 'अॅटेस्टेशन फॉर्म' म्हणतात. त्यात कर्जाचा रकाना नाही. रकाने आहेत ते असे: कधी अटक झाली का, खटला चालला का, न्यायालयाने दंड केला का, शिक्षा झाली का, आणि हा फॉर्म भरतेवेळी तुमच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात प्रकरण प्रलंबित आहे का. थकलेलं कर्ज येतं ते या शेवटच्या प्रश्नातून.

कसं, ते पाहा. कर्ज घेताना सहीचे कोरे चेक दिलेले असतात. हप्ता थकला की कर्जदाता चेक टाकतो, तो परत येतो. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तक्रार: पराक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हल्ली चेकऐवजी खात्यातून आपोआप हप्ता कापायचा आदेश असतो. तो परत गेला तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली तशीच तक्रार होते. हे पुष्कळांना ठाऊकच नाही. 'चेक दिलाच नव्हता' म्हणून निवांत बसतात. ही फौजदारी प्रकरणं आहेत. सहा हजारांच्या हप्त्याचं असलं तरी फॉर्ममधल्या प्रश्नाचं उत्तर 'होय'.

समन्स आलंच नाही, म्हणून प्रकरण नाही असंही धरू नये. चाळ पुनर्विकासाला गेली, कुटुंब भाड्याने कळव्याला, समन्स गेलं पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर. तक्रार कुठे होते हेही कळून घ्यावं: पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात. वित्तसंस्थेचं खातं चेन्नईत किंवा गुरुग्रामला असेल तर प्रकरण तिथे. त्यामुळे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधताना मुंबईतली किल्ला कोर्ट, दादर, कुर्ला, अंधेरी, बोरिवली ही संकुलं झाल्यावर कर्जदात्याच्या मुख्य कार्यालयाचं शहरही तपासावं. प्रत्येक वर्ष वेगळं शोधावं लागतं, आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून पाहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, एक संध्याकाळ जाते. पण तारखांना गैरहजर राहून अजामीनपात्र वॉरंट निघालेलं असेल आणि पोलीस पडताळणीत तेच पहिलं वर आलं, तर स्पष्टीकरण द्यायला जागा उरत नाही.

प्रकरण सापडलं तर? १३८ आपसात मिटवता येतं. कायद्याच्या कलम १४७ ने तशी मुभा दिली आहे. पैसे भरून राष्ट्रीय लोक अदालतीच्या दिवशी किंवा नेहमीच्या तारखेला तडजोडीची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी, निकालाची प्रमाणित प्रत काढावी. तोवर फॉर्म भरायची वेळ आली तर 'होय' लिहून न्यायालयाचं नाव, प्रकरण क्रमांक, रक्कम, आणि तडजोडीची स्थिती वेगळ्या कागदावर जोडावी. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा तीन न्यायमूर्तींचा निकाल प्रत्येक आस्थापना शाखेत हाताशी असतो. माहिती खरी द्या, लपवू नका. प्रलंबित प्रकरण खरेपणाने सांगितलं असेल तर नोकरी देणारा सगळी परिस्थिती पाहून निर्णय घेऊ शकतो, क्षुल्लक बाब असेल तर दुर्लक्षही करू शकतो. दडवलं, आणि नंतर कळलं, तर दडवणं हेच काढून टाकायला कारण पुरतं. फॉर्मच्या माथ्यावर तीच ताकीद छापलेली असते. फॉर्म दिल्यानंतर काही नवं घडलं तर तेही ताबडतोब कळवायचं असतं.

पोलिसांकडची बाजू साधी असते. मुंबईत कागद पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेकडे आणि तिथून तुमच्या ठाण्यात जातो. गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून जास्त राहिलेले सगळे पत्ते फॉर्ममध्ये हवेत, भाड्याचे आणि संक्रमण शिबिराचेही. वसुलीवाले शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे येऊन गेलेले असतील तर हवालदारसाहेब चौकशीला आल्यावर शेजारीण सांगणारच, "त्याच्याकडे बँकेची माणसं येतात." त्याने अहवाल बिघडत नाही. पत्ता लपवलेला असला तर बिघडतो.

दिवाळखोरीचा सल्ला देणारे वकील भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावं. मुंबईत व्यक्तीची दिवाळखोरी अजून प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा १९०९ खाली, उच्च न्यायालयात चालते. त्या कायद्यात अर्जासाठी किमान देणं ५०० रुपये लिहिलेलं आहे, यावरून त्याचं वय कळावं. अर्ज सोपा वाटतो. पण बँकिंग नियमन कायदा १९४९ च्या कलम १० प्रमाणे जो दिवाळखोर ठरलेला आहे किंवा कधीही ठरला होता, त्याला बँकेने नोकरीत ठेवायचंच नाही. 'कधीही'. तेविसाव्या वर्षी चार क्रेडिट कार्डांपायी घेतलेला तो आदेश बँकेचं दार जन्मभरासाठी लावतो.

रुजू झाल्यावर विषय संपत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम १७ लागतो: नेहमीचं कर्जबाजारीपण टाळेल अशा रीतीने खासगी व्यवहार सांभाळायचे, आणि वसुलीसाठी किंवा दिवाळखोरीसाठी कोणी कोर्टात गेलं तर सगळी हकीकत लगेच कार्यालयाला कळवायची. कर्ज उधळपट्टीने झालं नाही, आटोक्याबाहेरच्या कारणाने झालं, हे सिद्ध करायचा बोजा कर्मचाऱ्यावर. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७९ च्या नियमांतही असाच नियम आहे. म्हणून आईच्या आजारपणात काढलेल्या कर्जाची रुग्णालयाची बिलं कर्ज फिटेपर्यंत फेकू नयेत. दोन महिन्यांच्या मूळ पगाराहून मोठा जंगम मालमत्तेचा व्यवहार एका महिन्यात कळवायचा असतो. कर्जावर घेतलेली गाडी बहुधा त्यात बसते. आपल्या कामाशी ज्याचा संबंध आहे अशा कंत्राटदाराकडून हातउसने घेणं तर सरळ नियमभंग आहे, रक्कम कितीही असो. गोपनीय कागद ज्यांच्या टेबलावरून जातात त्यांच्या बाबतीत वरिष्ठांची नजर याच गोष्टीवर आधी जाते.

हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा दिवाणी निकाल, होऊन पगारावर जप्ती आली तर आदेश थेट पगार काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे येतो, म्हणजे लपवायला काही उरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. जप्तीसाठी धरायचा पगार ४०,००० असेल तर ३९,००० चा एक-तृतीयांश, महिना १३,००० कापले जातात. एका हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती २४ महिने झाली की तो पगार त्या हुकूमनाम्यातून सुटतो. दुसऱ्या कोणाचा असेल तर मध्ये १२ महिने थांबावं लागतं. जप्ती येण्याआधीच हप्ते बांधून घेतले तर हे टळतं, आणि बहुतेक कर्जदाते नियमित पगाराची स्लिप पाहून तयार होतात.

आणि नव्या कार्यालयात पहिल्या-दुसऱ्या महिन्यात पतपेढीच्या सभासदत्वाचा अर्ज येईल, तो भरावा. त्याच्या मागोमाग कोणीतरी वयस्कर सहकारी जामिनाचा कागद पुढे करेल. परिविक्षा काळ (प्रोबेशन) संपेपर्यंत "साहेब, अजून कायम झालो नाही" एवढं सांगून तो परत द्यावा. नंतरही सही करण्याआधी कर्जदाराच्या पगाराची स्लिप मागून घ्यावी: सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली पगारातून आधीच किती हप्ते कापले जातात आणि निवृत्तीला किती वर्षं राहिली आहेत, दोन्ही त्यावरून कळतं.